रुंदकोनी नेत्रिका

रुंदकोनी नेत्रिका ही दुर्बिणीच्या डोळ्याकडील टोकाला बसवावयाची, साधारणपणे ६० अंश किंवा त्याहून अधिक भासमान दृष्टिक्षेत्र दाखविणारी भिंगसंहती होय. दुर्बिणीचे वस्तुभिंग किंवा आरसा आकाशाची प्रतिमा तयार करतो आणि नेत्रिका ती प्रतिमा वर्धित करून डोळ्यापुढे आणते. साध्या नेत्रिकेतून आकाश नळीच्या तोंडातून पाहिल्यासारखे दिसते, तर रुंदकोनी नेत्रिकेत दृश्याची कड नजरेच्या सीमेपर्यंत दूर जाते. या रुंदीचे मोल बहुधा कडेवरील प्रतिमेला द्यावे लागते. केंद्रात टाचणीच्या टोकासारखा दिसणारा तारा कडेला लांबट, पिसारलेला किंवा रंगीत दिसू शकतो. हे दोष कोणते आणि ते नेत्रिकेचे, दुर्बिणीचे की पाहणाऱ्याच्या डोळ्याचे, हे ओळखल्याशिवाय दोन नेत्रिकांची तुलना न्याय्य ठरत नाही.

मूलभूत राशी

वर्धन = दुर्बिणीचे नाभीय अंतर ÷ नेत्रिकेचे नाभीय अंतर. भासमान दृष्टिक्षेत्राला वर्धनाने भागले असता प्रत्यक्ष दृष्टिक्षेत्र, म्हणजे आकाशाचा दिसणारा भाग, अंदाजे मिळतो. आरशाच्या व्यासाला वर्धनाने भागले असता नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेचा व्यास मिळतो. त्यास निर्गम बाहुली म्हणतात.

२०० मिमी व्यासाची व १२०० मिमी नाभीय अंतराची (एफ/६) न्यूटनीय दुर्बीण उदाहरणादाखल घेऊ. २५ मिमीची ५० अंशी नेत्रिका ४८ पट वर्धन व सुमारे १.०४ अंश आकाश दाखविते. १३ मिमीची १०० अंशी नेत्रिका सुमारे ९२ पट वर्धन व १.०८ अंश आकाश दाखविते. आकाशाचा तुकडा जवळजवळ तेवढाच राहतो, वर्धन मात्र जवळपास दुप्पट होते. निर्गम बाहुली ४.२ मिमीवरून २.२ मिमीवर येते आणि आकाशाची पार्श्वभूमी सुमारे पावणेचार पट काळवंडते. बिंदुरूप तारे आपली तेजस्विता टिकवून ठेवतात, म्हणून अंधूक तारे अधिक उठून दिसतात. रुंदकोनी नेत्रिकेचा खरा लाभ हा आहे.

प्रत्यक्ष दृष्टिक्षेत्राला नेत्रिकेच्या नळीची मर्यादा असते. सव्वा इंची नळीत क्षेत्ररोधक (दृश्याची कड ठरविणारे कडे) सुमारे २७ मिमी, तर दोन इंची नळीत सुमारे ४६ मिमी व्यासाचे बसते. वरील दुर्बिणीत यांतून अनुक्रमे १.३ व २.२ अंशांपेक्षा फारसे अधिक आकाश दिसू शकत नाही. भासमान दृष्टिक्षेत्र वाढविल्याने ही मर्यादा ओलांडता येत नाही.

इतिहास

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्तीआन हायगेन्स यांनी दोन भिंगांची नेत्रिका तयार केली. केलनर (१८४९) व प्लॉसल (१८६०) यांच्या रचनांमुळे रंगदोष बराच कमी झाला. मात्र दृष्टिक्षेत्र ४० ते ५० अंशांच्या आसपासच राहिले. पहिल्या महायुद्धाच्या काळात हाइनरिख एर्फल यांनी ६० अंशांपुढील रचना केली. अपोलो मोहिमांच्या सराव-यंत्रांच्या प्रकाशीय रचनेवर काम केलेले अमेरिकी अभियंते अल नागलर यांनी १९७७ मध्ये टेली व्ह्यू ही कंपनी स्थापन केली आणि १९८० च्या सुमारास ८२ अंशी नेत्रिका बाजारात आणली. तिच्या पुढील बाजूस अंतर्गोल भिंगसमूह आहे. तो क्षेत्रवक्रता कमी करतो आणि नेत्रिकेतील मुख्य भिंगांपर्यंत प्रकाशाचा अधिक सौम्य शंकू पोचवितो. याच कंपनीची १०० अंशी नेत्रिका २००७ मध्ये आली. त्यानंतर इतर उत्पादकांनीही अशा नेत्रिका काढल्या.

प्रमुख विपथने

अबिंदुकता: रुंदकोनी नेत्रिकेच्या कडेवरील हा सर्वांत त्रासदायक दोष. तारा रेषेसारखा किंवा पंख पसरलेल्या पक्ष्यासारखा दिसतो. नाभीकरणाच्या एका बाजूस रेषा त्रिज्येच्या दिशेने, तर दुसऱ्या बाजूस तिच्याशी काटकोनात असते. नाभीकरण कितीही बदलले तरी बिंदू मिळत नाही. दुर्बिणीचे नाभीय गुणोत्तर लहान असेल तितका हा दोष ठळक होतो.

क्षेत्रवक्रता: प्रतिमा सपाट पृष्ठावर न पडता वाटीसारख्या वक्र पृष्ठावर पडते. केंद्र स्पष्ट असताना कड धूसर दिसते. कडेला पुन्हा नाभीकरण केल्यास ती स्पष्ट होते. तरुण डोळा समायोजनाने हा फरक काही अंशी भरून काढतो. वयपरत्वे ही क्षमता घटते, म्हणून एकाच नेत्रिकेविषयी विद्यार्थ्याचे व त्याच्या आजोबांचे मत वेगळे असू शकते.

पार्श्वीय वर्णविपथन: निरनिराळ्या रंगांचे वर्धन किंचित भिन्न असल्याने कडेवरील तारा त्रिज्येच्या दिशेने छोट्या वर्णपटासारखा ताणला जातो. चंद्राची कड दृश्याच्या सीमेवर आणल्यास निळी वा नारिंगी किनार दिसते.

विरूपण: सरळ रेषा सरळ ठेवणे आणि कोनीय वर्धन सर्वत्र समान ठेवणे या दोन्ही गोष्टी विस्तृत क्षेत्रात एकाच वेळी साधत नाहीत. आकाशनिरीक्षणाच्या नेत्रिकांत बहुधा दुसऱ्या गोष्टीला झुकते माप दिले जाते. त्यामुळे दिवसा विजेचा खांब कडेला वाकलेला दिसतो. रात्री मात्र त्याची अडचण जाणवत नाही.

निर्गम बाहुलीचे गोलीय विपथन: दृश्याच्या मध्यातून व कडेकडून येणारे किरण डोळ्यापाशी एकाच ठिकाणी एकत्र येत नाहीत. डोळा किंचित हलला की घेवड्याच्या दाण्यासारखी काळी सावली दृश्यात फिरते.

प्रकारांची तुलना

केलनर: ३ भिंगे, सुमारे ४० ते ४५ अंश. स्वस्त व हलकी. एफ/१० च्या आसपासच्या दुर्बिणीत समाधानकारक.

प्लॉसल: ४ भिंगे, सुमारे ५० अंश. एफ/६ पर्यंत बहुतांश क्षेत्र स्वच्छ. लहान नाभीय अंतराच्या नेत्रिकेत डोळा भिंगाच्या फार जवळ न्यावा लागतो. चष्मा लावणाऱ्यांना ते गैरसोयीचे ठरते.

एर्फल: ५ ते ६ भिंगे, सुमारे ६० ते ६८ अंश. एफ/८ व पुढे चांगली. एफ/५ ला कडेवर ठळक अबिंदुकता.

८२ अंशी: बहुधा ६ ते ७ भिंगे. चांगल्या रचना एफ/५ किंवा त्याहून तीव्र शंकूतही कडेपर्यंत सुस्पष्ट.

१०० अंशी: ८ ते ९ भिंगे. महाग. काही नेत्रिका अर्ध्या किलोहून जड असल्याने डॉब्सनीय बैठकीवरील दुर्बीण पुढे झुकते.

दोषाचा उगम ओळखणे

एखादा ठळक तारा केंद्रातून कडेकडे सरकवीत न्यावा. पुन्हा नाभीकरण केल्याने दोष गेला तर तो क्षेत्रवक्रतेचा होय. तारा धूमकेतूसारखा असून शेपटी केंद्रापासून बाहेर वळलेली असेल, तर तो न्यूटनीय दुर्बिणीच्या अन्वस्तीय आरशाचा कोमा नावाचा दोष होय. आकाशात केंद्रापासून तेवढ्याच कोनीय अंतरावर एफ/४ आरशाचा कोमा एफ/८ च्या चौपट असतो. तो महाग नेत्रिकेनेही जात नाही. त्यासाठी वेगळी कोमा-निवारक भिंगसंहती लागते. केंद्रातील ताराही लांबट दिसत असेल तर मान तिरपी करून पाहावे. लांबटपणाची दिशा मानेबरोबर फिरली, तर दोष डोळ्याचा आहे. निर्गम बाहुली मोठी असताना तो अधिक जाणवतो.

महाराष्ट्रातील निरीक्षण

पुण्यातील ज्योतिर्विद्या परिसंस्था (स्थापना १९४४) व अन्य मंडळांनी महाराष्ट्रात हौशी आकाशनिरीक्षणाची परंपरा रुजविली. पुण्याच्याच ‘आयुका’ संस्थेत आरसा घासून न्यूटनीय दुर्बीण बनविण्याच्या कार्यशाळा झाल्या आहेत. येथील अक्षांशांवरून दक्षिणेकडील मोठे तारकासमूह पाहता येतात आणि त्यांच्यासाठी रुंदकोनी नेत्रिका उपयोगी पडते.

बुलढाणा जिल्ह्यातील, उल्काघाती सरोवरासाठी प्रसिद्ध असलेले लोणार सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथून नरतुरंगातील ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ दक्षिणेस क्षितिजापासून सुमारे २२ अंश उंचीपर्यंत येतो. मे महिन्यात तो रात्रीच्या पूर्वार्धात पाहता येतो. त्याचा विस्तार पूर्णचंद्राहून थोडा अधिक असल्याने वरील उदाहरणातील दोन्ही नेत्रिकांत तो मावतो. १०० अंशी नेत्रिकेत त्याचे तारे अधिक सुटे दिसतात. वृश्चिकाच्या नांगीजवळील मेसिए ७ हा गुच्छ सुमारे सव्वा अंश आणि कृत्तिका जवळजवळ दोन अंश पसरलेल्या आहेत. त्यांच्यासाठी अधिक नाभीय अंतराची दोन इंची रुंदकोनी नेत्रिका हवी.

क्षितिजालगतच्या ताऱ्यांबाबत आणखी एक खबरदारी आवश्यक आहे. वातावरण हेच लोलकाप्रमाणे प्रकाशाचे अपस्करण करते आणि ताऱ्याला एका बाजूस निळी, दुसऱ्या बाजूस तांबडी किनार येते. ही किनार दृश्याच्या केंद्रातही दिसते आणि सर्वत्र क्षितिजाशी काटकोनात असते. नेत्रिकेचे पार्श्वीय वर्णविपथन केंद्रात शून्य असते व कडेकडे वाढत जाते. म्हणून नेत्रिकांची रंगदोषविषयक तुलना डोक्यावरच्या ताऱ्यावर करावी.

पावसाळ्यात दमट हवेने भिंगांवर बुरशी चढते. नेत्रिका आर्द्रताशोषक पुड्यांसह बंद डब्यात ठेवाव्यात. उन्हाळ्यातील धूळ कापडाने पुसण्यापूर्वी फुंकणीने उडवावी, अन्यथा भिंगावरील लेपास ओरखडे पडतात.