‘करत नाही’ आणि ‘करता येत नाही’
अतिचंचल व चिंताग्रस्त मुलांना समजून घेताना

शाळेच्या डायरीतील लाल शाईचे शेरे अनेक घरांच्या परिचयाचे असतात. वर्गात लक्ष नाही, जागेवर बसत नाही, गृहपाठ अपुरा, वही घरी विसरली. त्यावर घरी बोलणी बसतात, मूल कान पकडून कबुली देते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच शेरा येतो. हे सारे ते मुद्दाम करते, असा मोठ्यांचा ग्रह होतो. आपण मुळातच वाईट आहोत, असा मुलाचा. अशा मुलांपैकी काहींच्या बाबतीत प्रश्न इच्छेचा नसून क्षमतेचा असतो, हे वैद्यकशास्त्राने आता निःसंशयपणे दाखवून दिले आहे. ‘करत नाही’ आणि ‘करता येत नाही’ यांतील हा भेद ओळखणे, ही मदतीची पहिली पायरी होय.

नावाचा प्रवास

अशी मुले आजच्या टीव्ही-मोबाइलच्या जमान्याची देणगी आहेत, हा समज खरा नाही. फ्रँकफर्टचे डॉक्टर हाइनरिश हॉफमन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुलांसाठी केलेल्या सचित्र पुस्तकात, जेवणाच्या टेबलावर स्वस्थ न बसणारा फिलिप भेटतो. १९०२ मध्ये लंडनमधील बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी आपल्या व्याख्यानांत, बुद्धी शाबूत असूनही स्वतःवर ताबा ठेवू न शकणाऱ्या मुलांचे वर्णन केले. त्यांनी त्याला ‘नैतिक नियंत्रणातील दोष’ म्हटले. म्हणजे नावातच दोषारोप होता.

पुढे हा दृष्टिकोन बदलत गेला. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या १९६८ च्या वर्गीकरणात भर होता तो अतिहालचालीवर. १९८० मध्ये अवधानातील उणीव केंद्रस्थानी आली आणि १९८७ मध्ये दोन्हींना एकत्र गुंफणारे ‘अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर’, अर्थात ‘एडीएचडी’ हे नाव रूढ झाले. जगभरातील पाहण्यांचा एकत्रित विचार करता शालेय वयातील सुमारे पाच टक्के मुलांमध्ये हा विकार आढळतो. चाळीस मुलांच्या वर्गात असे एक-दोघे असणार, असा याचा सरळ अर्थ.

निदान कसे होते?

प्रत्येक खोडकर मूल अतिचंचल विकाराचे नसते. निदानासाठी लक्षणांचे दोन गट पाहिले जातात. पहिला अवधानाचा : बारीकसारीक चुका, हाती घेतलेले काम अर्धवट सोडणे, वस्तू हरवणे, समोरून बोलले तरी ऐकू न आल्यासारखे वागणे. दुसरा अतिचंचलता व उतावीळपणाचा : सतत चुळबुळ, धावपळ, प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर देणे, आपली पाळी येईपर्यंत न थांबणे. २०१३ च्या सुधारित निकषांनुसार दोहोंपैकी निदान एका गटातील नऊपैकी सहा लक्षणे किमान सहा महिने टिकलेली असावी लागतात. ती वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावीत, घर आणि शाळा यांसारख्या दोन ठिकाणी आढळावीत आणि त्यांमुळे मुलाचे प्रत्यक्ष अडत असावे. त्यामुळे केवळ शाळेतच किंवा केवळ घरीच दिसणाऱ्या वर्तनामागे बहुधा वेगळे कारण शोधावे लागते.

या विकारासाठी रक्ततपासणी नाही की मेंदूचा फोटो नाही. पालक व शिक्षक यांच्याशी सविस्तर बोलणे, प्रश्नावल्या आणि मुलाची तपासणी यांवरच निदान बेतलेले असते. दृष्टी, श्रवण, झोप आणि अध्ययन अक्षमता यांचीही पडताळणी व्हावी लागते. मुलींमध्ये आरडाओरड कमी आणि हरवलेपण अधिक असल्याने त्या बऱ्याचदा नजरेतून सुटतात. ‘स्वप्नाळू’, ‘वेंधळी’ असे शिक्के घेऊनच त्यांची दहावी उजाडते.

मेंदूतील उशीर

२००७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील संशोधकांनी ४४६ मुलांच्या मेंदूंची छायाचित्रे तपासली. मेंदूच्या बाह्यस्तराची जाडी कमाल पातळीला पोहोचण्याचे वय सर्वसाधारण मुलांत साडेसात वर्षांच्या आसपास, तर या विकाराच्या मुलांत साडेदहा वर्षांच्या आसपास दिसले. सर्वाधिक उशीर होता तो अवधान व आवर यांच्याशी निगडित अशा पुढच्या भागांत. क्रम तोच, वेळ मात्र उशिराची. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटाही फार मोठा असल्याचे दिसून आले आहे. साखर किंवा गोडधोड खाण्याने मुले अतिचंचल होतात, या लोकप्रिय समजुतीला मात्र नियंत्रित प्रयोगांत आधार मिळालेला नाही.

यातून पालकांना घेण्याजोगा बोध असा की, या मुलांना काय करावे हे बहुधा ठाऊक असते. ऐनवेळी ते आठवणे, हातची ऊर्मी थांबवणे आणि वेळेचा अंदाज घेणे जमत नाही. म्हणूनच उपदेशाचा परिणाम होत नाही. संध्याकाळच्या प्रवचनापेक्षा सकाळी दाराजवळ लावलेला चार चित्रांचा कागद अधिक काम करतो.

चिंता : वरून सारखी, आतून वेगळी

लक्ष नसण्याचे आणखी एक कारण असू शकते, ते म्हणजे चिंता. फळ्याकडे पाहणारे मूल मनात ‘बाई मला विचारतील का’, ‘आई घ्यायला येईल ना’ हेच घोळवत असते. अतिचंचल मुलाचे लक्ष बाहेरच्या प्रत्येक आवाजाकडे धावते. चिंताग्रस्त मुलाचे लक्ष आतल्या भीतीला बांधलेले असते. सोमवारी सकाळी नेमके दुखणारे पोट, परीक्षेच्या आदल्या रात्रीची उलटी, तेच तेच विचारून घेतलेली खात्री, वाढदिवसाला जाण्यास नकार, ही चिंतेची नेहमीची रूपे. ते पोटदुखणे सोंग नसते. धोक्याच्या वेळी शरीर जी सज्जता करते, तीच येथे खोट्या इशाऱ्यावर होते आणि पोटात खरोखरच कळ येते.

दोन्ही अडचणी एकाच मुलात असणे मुळीच दुर्मीळ नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५७९ मुलांवरील अमेरिकेतील मोठ्या उपचारचाचणीत अतिचंचल मुलांपैकी सुमारे एक-तृतीयांश मुलांना चिंताविकारही होता. वारंवार चुका, त्यावर वारंवार बोलणी आणि मग पुढच्या चुकीची धास्ती, अशी ही साखळीही जडते.

चिंतेचा खरा खुराक म्हणजे टाळाटाळ. शाळेला दांडी मारली की तात्काळ हायसे वाटते आणि दुसऱ्या दिवशी शाळा अधिकच भयंकर भासते. उलट, भीतीला थोड्या थोड्या अंतराने सामोरे नेले तर ती विरते. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या एका लहानग्याला त्याचा आवडता खाऊ देत देत ससा रोज थोडा जवळ आणला आणि अखेर ते मूल सशाला कुरवाळू लागले. आजच्या बोधात्मक वर्तनोपचारातील ‘भीतीची शिडी’ याच तत्त्वावर उभी आहे. वर्गात बोलण्याची भीती असलेल्या मुलाने प्रथम घरी आरशासमोर, मग आजीसमोर, मग बाईंना एकट्याने आणि शेवटी वर्गात दोन वाक्ये बोलावीत. पायरी मुलानेच ठरवावी आणि ती पुरी जमल्याखेरीज पुढची चढू नये.

येथे पालकांची माया कधी कधी अडसर ठरते. मुलाच्या वतीने उत्तर देणे, दहा वेळा खात्री देणे, रोज सोबत झोपणे यांनी क्षणभर शांतता मिळते, पण ‘हे तुला झेपणार नाही’ असा संदेशही पोचतो. येल विद्यापीठात विकसित झालेल्या एका उपचारपद्धतीत मुलाऐवजी केवळ पालकांनाच या सवयी कमी करण्याचे प्रशिक्षण दिले जाते. मुलावर थेट केलेल्या उपचाराइतकाच तिचा गुण आल्याचे २०२० च्या तुलनात्मक अभ्यासात दिसले. भीती खरी असल्याची कबुली आणि मूल ती पेलेल हा विश्वास, ही दोन्ही वाक्ये एकदमच बोलायची असतात : “भीती वाटतेय, हे कळतंय मला. आणि तुला जमेल, हेही ठाऊक आहे.”

उद्रेकाच्या वेळी

रागाने वस्तू फेकणारे मूल त्या क्षणी तर्क ऐकण्याच्या स्थितीत नसते. तेव्हा शिकवण देणे म्हणजे भर पुरात पोहण्याचे धडे देणे. त्या वेळी आवाज खाली आणावा, शब्द कमी वापरावेत, आसपासची गर्दी आणि भावंडांना दूर करावे, कोणाला इजा होणार नाही एवढे पाहावे. वादळ शमल्यावर, शक्यतो त्याच दिवशी, भावनेला नाव द्यावे. राग, अपमान, मत्सर, निराशा, लाज हे शब्द हाती आले की मुलाला हातपाय आपटण्यावाचून दुसरी वाट मिळते. भावना कोणतीही चालेल, प्रत्येक कृती चालणार नाही, ही सीमारेषा स्पष्ट असावी. हळूहळू श्वास सोडणे, थंड पाण्याने तोंड धुणे, जिने उतरून परत येणे हे उपाय मूल शांत असतानाच सरावात आणावे लागतात.

घरातील व्यवस्था

अतिचंचल मुलांसाठी घरातील नियम थोडे, ठळक आणि डोळ्यांसमोर असावेत. ‘आवर लवकर’ या सूचनेत पाच कामे दडलेली असतात. त्याऐवजी जवळ जाऊन, नजर मिळवून एकच काम सांगावे : “आधी मोजे घाल.” ते झाले की दुसरे. अभ्यासाचे दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे पाडून मध्ये हालचालीची सुटी द्यावी. वेळ दिसावी म्हणून घड्याळ किंवा टायमर समोर ठेवावा. दप्तर रात्रीच भरून दाराशी ठेवावे.

कौतुक लगेच आणि नेमके असावे. ‘शहाणा आहेस’ यापेक्षा ‘आज न सांगता वही काढलीस’ हे मुलाच्या अधिक लक्षात राहते. महिनाअखेरच्या सायकलीपेक्षा आजच्या आज मिळणारी अर्ध्या तासाची क्रिकेटची मुभा प्रभावी ठरते, कारण दूरच्या बक्षिसाची ओढ या मुलांना टिकवता येत नाही. शिक्षा करावीच लागली तर ती लहान, आधी सांगितलेली आणि न चिडता दिलेली असावी. खेळाचा तास कापणे ही मात्र उलट फळ देणारी शिक्षा आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ ते बारा तास झोप लागते. रात्री उशिरापर्यंतचा पडदा आणि सकाळी सातची शाळा यांच्या कात्रीत ती सहज हरवते आणि झोप अपुरी राहिलेले कोणतेही मूल चंचल व चिडके दिसते.

शाळेचा वाटा

पुढच्या बाकावर, खिडकी-दारापासून दूर जागा; लेखी स्वरूपातील सूचना; वह्यावाटप किंवा फळा पुसण्यासारखे उठण्याचे मानाचे काम; चूक दिसताच खांद्यावर हलका स्पर्श. यांपैकी कशालाही पैसा लागत नाही. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात शिक्षकांवर ताण असतो हे खरेच. म्हणून तक्रारीच्या डायरीऐवजी दोन-तीन उद्दिष्टांचे रोजचे छोटे कार्ड घर व शाळा यांच्यात फिरते ठेवणे दोघांनाही सोयीचे. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने मनाई केली आहे.

या मुलांपैकी अनेकांना वाचन, लेखन वा गणितातील अध्ययन अक्षमताही असते. २००७ च्या ‘तारे जमीं पर’ चित्रपटाने तो विषय घराघरांत नेला. महाराष्ट्रात अशा विद्यार्थ्यांना १९९६ पासून परीक्षेत सवलती मिळू लागल्या. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला, पण एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख त्यात नाही. म्हणून दोहोंची तपासणी एकाच वेळी करून घेणे श्रेयस्कर.

औषधांविषयी

औषध हा शब्द निघताच पालक धास्तावतात. १९३७ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स ब्रॅडली यांना, उत्तेजक औषधाने काही मुले अभ्यासात अधिक स्थिर झाल्याचे आढळले. तेव्हापासून या औषधांचा अभ्यास सुरू आहे. आज मेथिलफेनिडेट हे प्रमुख औषध असून ॲटोमॉक्सेटिन हा उत्तेजक नसलेला पर्याय आहे. भूक मंदावणे, झोप लांबणे, नाडीचे ठोके वाढणे असे दुष्परिणाम होऊ शकतात. म्हणून उंची, वजन व रक्तदाब यांची नियमित नोंद ठेवावी लागते. मेथिलफेनिडेट हे भारतात नियंत्रित औषध असून ते तज्ज्ञांच्या चिठ्ठीवरच घ्यावयाचे असते.

वर उल्लेखिलेल्या १९९९ च्या चाचणीत मूळ लक्षणांवर काळजीपूर्वक दिलेल्या औषधाचा परिणाम केवळ वर्तनोपचारापेक्षा अधिक दिसला. मात्र चिंता असलेल्या मुलांना वर्तनोपचाराचाही चांगला लाभ झाला. सहा वर्षांखालील मुलांसाठी प्रथम पालक-प्रशिक्षण, असा अमेरिकन बालरोगतज्ज्ञ संघटनेचा २०१९ चा सल्ला आहे. औषध अवधानाची वाट मोकळी करते. त्या वाटेवर चालायला शिकवावे लागते ते माणसांनीच.

केव्हा, कोणाकडे?

अडचण काही आठवडे टिकून शाळा, झोप, जेवण किंवा मैत्री यांवर परिणाम होऊ लागला की बालरोगतज्ज्ञांमार्फत बालमानसोपचारतज्ज्ञ वा मानसशास्त्रज्ञ यांचा सल्ला घ्यावा. मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांच्या मानसोपचार विभागांत ही सोय असते. मूल स्वतःला इजा करीत असेल किंवा जगणे नको असल्याचे बोलत असेल, तर त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी मदत मिळवावी. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही १४४१६ क्रमांकाची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

अतिचंचलता अनेकांच्या बाबतीत वयाबरोबर कमी होते. अवधानाची अडचण काहींना प्रौढपणीही सोबत करते. पण अवधानाच्या उणिवेपेक्षा खोल जखम करतो तो लहानपणी ऐकलेला ‘आळशी’, ‘द्वाड’, ‘भित्रा’ हा शिक्का. मेंदूची वाढ आपल्या गतीने होत राहते. तोवर मुलाचा स्वतःवरील विश्वास शाबूत ठेवणे हे मात्र सर्वस्वी भोवतालच्या मोठ्यांच्या हाती असते.