तरीचे भाडे आणि सभागृहातला प्रश्न

तर म्हणजे खाडी किंवा नदी ओलांडून देणारी होडी. ती चालवणारा तो तारी, आणि पलीकडे पोचवण्याबद्दल त्याच्या हातावर ठेवायचे ते तरीचे भाडे. कुडाळ-मालवण भागात हे शब्द रोजच्या बोलण्यातले होते, कारण इथला किनारा तेरेखोल, कर्ली, गड, वाघोटण अशा नद्यांनी जागोजागी चिरला आहे. कुडाळ स्वतः समुद्रावर नाही. भंगसाळ नदीच्या काठचे हे गाव. तिचे पाणी कर्लीला मिळते आणि कर्ली देवबागजवळ समुद्राला. मुंबई गाठायची तर कुडाळकराला आधी पंचवीस-तीस किलोमीटरवरचे वेंगुर्ले किंवा मालवण बंदर गाठावे लागे, आणि वाटेत कुठली तरी तर असेच.

खाडीच्या पोटात गाळ साचून बनलेल्या बेटाला इकडे जुवा म्हणतात. मालवण तालुक्यात कालावल खाडीच्या परिसरात खोतजुवा, मसुरकर जुवा, पाणखोल जुवा अशी माडांनी भरलेली वस्तीची बेटे आहेत. मुख्य भूमीवरच्या माणसाला तर अधूनमधून लागे. जुव्यावरच्या माणसाला शाळा, दुकान, दवाखाना आणि मतदान यांपैकी कशासाठीही होडीत पाय ठेवल्याशिवाय गत्यंतर नसे. त्यामुळे आण्या-दोन आण्यांची भाडेवाढ एका बाजूला किरकोळ ठरे आणि दुसऱ्या बाजूला घरखर्चात जाऊन बसे. अनेक गावांत रोजच्या माणसांकडून रोख पैसे घेतच नसत. सुगीनंतर ठरलेले भात तारीच्या घरी पोचवले की वर्षभराचे येणे-जाणे फिटले. पाहुणा आणि व्यापारी मात्र नाणे मोजत.

या गावव्यवहारात सरकार शिरले ते १८६८ च्या मुंबई तरी व अंतर्गत जलयान कायद्याने. सार्वजनिक तर कोणती, तिचा दर काय, ती चालवायची कोणी, हे ठरवण्याचा अधिकार त्यामुळे सरकारकडे आला. तरीचा ठेका लिलावाने देण्याची पद्धत रुळली आणि उत्पन्न पुढे स्थानिक मंडळांच्या तिजोरीत जाऊ लागले. तक्रारीचे मूळही याच पद्धतीत होते. चढ्या बोलीने ठेका घेणारा माणूस ती रक्कम उतारूंकडूनच वसूल करणार. माणसाचा दर ठरलेला असला तरी डोक्यावरच्या पाटीचे, बकरीचे, भाताच्या गोणीचे वेगळे मागता येते. मंजूर दर आणि प्रत्यक्ष घेतलेले पैसे यांतला फरक हा तरीच्या तक्रारींचा कायमचा विषय.

तक्रार करायची कोणाकडे? कायदेमंडळातल्या सभासदाला सरकारला प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली ती १८९२ च्या कायद्याने, आणि उत्तरावर पुरवणी प्रश्न विचारता येऊ लागला तो १९०९ पासून. पण त्याचा उपयोग कुडाळला नव्हता. १८१२ मध्ये मालवण कोल्हापूरकरांकडून आणि वेंगुर्ले सावंतवाडीकडून इंग्रजांकडे गेले होते. कुडाळ सावंतवाडी संस्थानातच राहिले. म्हणजे बंदर ब्रिटिश मुलखात, उतारू संस्थानचा. मालवणच्या धक्क्यावर कुडाळच्या माणसाकडून जास्त पैसे घेतले, तर मुंबईच्या कौन्सिलात त्याच्या वतीने उभा राहणारा कोणी नव्हता. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, तेव्हा हा पेच सुटला.

तरीपेक्षा मोठा प्रश्न आगबोटीच्या तिकिटाचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेफर्ड कंपनीच्या आणि पुढे बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटी मुंबईहून कोकणच्या बंदरांना लागू लागल्या. गिरणीत काम करणारा चाकरमानी याच बोटींनी गावी येई. मालवणला किनारा खडकाळ म्हणून बोट दूर पाण्यात नांगर टाकी, आणि होडीतून जाऊन दोर-शिडीने वर चढावे लागे. या होडीचे पैसे तिकिटाव्यतिरिक्त. गाठोडे, पेटी, कडेवरचे पोर आणि हेलकावे खाणारी होडी, अशा अवस्थेत घासाघीस करण्याची ताकद कोणात असणार? होडीवाल्याशी दर ठरवायचा तो काठावरच ठरवायचा, हे शहाणपण त्यातूनच आले.

स्पर्धक कंपनी उभी राहिली की भाडे पाडायचे आणि ती बसली की पुन्हा चढवायचे, ही किनारी वाहतुकीतली जुनी खेळी. या दरयुद्धांमुळे किनाऱ्याचा प्रश्न केंद्रीय कायदेमंडळात पोचला. साराभाई नेमचंद हाजी यांनी १९२८ मध्ये किनारी वाहतूक देशी बोटींसाठी राखून ठेवण्याचे विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. भाड्याबरोबर सुरक्षेचा प्रश्न किती निकडीचा होता हे १७ जुलै १९४७ रोजी दिसले. मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली.

स्वातंत्र्यानंतर प्रश्नाचे दोन तुकडे झाले. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत रस्ते, पूल यांच्यासोबत तरी राज्यसूचीत गेल्या, तर सागरी नौवहन केंद्राकडे राहिले. १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्याने किनारी बोटींची भाडी ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. म्हणजे जुव्यावरच्या होडीचा प्रश्न विधानसभेत विचारायचा आणि मुंबईच्या बोटीचा लोकसभेत. त्याच सुमारास केंद्रात वाहतूकमंत्री होते स. का. पाटील, कुडाळजवळच्या झारापचे. राजापूर मतदारसंघातून नाथ पै आणि त्यांच्यानंतर मधु दंडवते लोकसभेत गेले, तो काळ कोकण बोटीच्या उतरणीचा होता. चौगुल्यांच्या ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ या बोटी पुढे मोगल लाइन या जहाज कंपनीकडे गेल्या. एसटीची रातराणी घराजवळून सुटू लागल्यावर बोटीची गर्दी आटली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे सलग सुरू झाली तोवर नेहमीची बोटसेवा आठवणीत जमा झाली होती. तिकिटाचा वाद सरकारने सोडवला नाही, बोटच गेली.

खाड्यांवरही तसेच घडले. पूल झाला की तर संपली. लोकप्रतिनिधींनीही भाड्यापेक्षा पूल मागणे पसंत केले, आणि ते रास्तच होते. मागे उरली ती पूल न झालेली ठिकाणे: काही जुवे आणि मालवणसमोरचा सिंधुदुर्ग किल्ला.

कुरटे बेटावर १६६४ मध्ये बांधायला घेतलेल्या या किल्ल्यात आजही काही कुटुंबे राहतात. राजाराम महाराजांनी उभारलेले शिवराजेश्वराचे मंदिर आणि दूध विहीर, दही विहीर, साखर विहीर पाहायला पर्यटकांची रीघ असते. त्यांच्यासाठी होडीचे भाडे सहलीच्या खर्चातला एक आकडा. किल्ल्यावरच्या माणसासाठी ती बाजाराची वाट. शिवाय इथे मालक तीन. पाणी आणि होड्यांचे परवाने १९९६ च्या कायद्याने स्थापन झालेल्या महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे, बेटाचा गावकारभार वायरी भूतनाथ ग्रामपंचायतीकडे आणि तटबंदी केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे. होडीवाल्यांची संघटना भाडेवाढ मागते तेव्हा डिझेल, खलाशांचा पगार आणि वर्षातले बंद महिने ती पुढे करते, आणि ते कारण खोटे नसते. पण पर्यटकाच्या पावतीतले होडीला किती, बोर्डाला किती आणि ग्रामपंचायतीला किती, हे एका खात्याला विचारून कळत नाही.

विधानसभेतल्या तारांकित प्रश्नाचा साचा या गुंत्याला फारसा पुरत नाही. अमुक ठिकाणी भाडे वाढले हे खरे आहे काय, असल्यास चौकशी केली काय, नसल्यास विलंबाची कारणे काय, अशा त्याच्या पायऱ्या. उत्तर येते ‘अंशतः खरे आहे’, आणि शेवटच्या भागाला ‘प्रश्न उद्भवत नाही’. भाड्याला बंदरे विभाग, ग्रामपंचायतीच्या कराला ग्रामविकास, तटाला दिल्ली. २००८ च्या पुनर्रचनेनंतर कुडाळ मतदारसंघात मालवणचा किनाराही आला. नारायण राणे, वैभव नाईक, नीलेश राणे या इथून निवडून गेलेल्या आमदारांच्या वाट्याला त्यामुळे भातखरेदी, एसटीच्या फेऱ्या आणि जेटी असे डोंगर-दर्याचे प्रश्न एकत्र आले. हिवाळी अधिवेशन नागपुरात. ऐन पर्यटन हंगामातला होडीचा प्रश्न समुद्रापासून सर्वांत दूरच्या सभागृहात निघतो, हा निव्वळ योगायोग.

तेरेखोलच्या पलीकडे गोव्याने वेगळी वाट धरली. तिथल्या नदी परिवहन खात्याच्या फेरीबोटींत पायी प्रवाशाला तिकीट नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात सरकारने दुचाकींना भाडे लावायचे ठरवले, तेव्हा दिवाडी-चोडणसारख्या बेटांवरून ओरड झाली आणि निर्णय मागे घ्यावा लागला. फेरीबोट हा तिथे रस्त्याचाच तुकडा मानला जातो. महाराष्ट्रात ती अजून ठेक्याची आणि परवान्याची बाब आहे, आणि जुव्यावरच्या रहिवाशाचा विचार करता गोव्याची समजूत अधिक बरोबर आहे.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांत सिंधुदुर्गाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्या बातमीच्या दिवशी किल्ल्यावर पर्यटकांची होडी जात नव्हती. मेच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत ती दरवर्षी बंदच असते.