गाडीचा अलार्म रात्री-अपरात्री वाजतोय? बॅटरी उतरतेय? वायरिंगमधला दोष असा शोधा

जुनी मारुती असो, बोलेरो असो की भाजीपाल्याची पिकअप, बाहेरून बसवलेला सिक्युरिटी अलार्म आता गावोगावी दिसतो. दोन रिमोट, एक भोंगा, डॅशबोर्डवर लुकलुकणारा लाल दिवा आणि जमलं तर सेंट्रल लॉक. वर्ष-दोन वर्षं सगळं सुरळीत चालतं. नंतर एखाद्या पावसाळ्यात कटकट सुरू होते. मध्यरात्री भोंगा वाजतो, चार दिवस उभी राहिली की गाडी चालू होत नाही, नाहीतर ऐन घाईत सेल्फच लागत नाही. घरात आजारी माणूस असेल आणि तालुक्याचा दवाखाना वीस-पंचवीस किलोमीटरवर असेल, तर ही कटकट चांगलीच महागात पडते.

अशा वेळी बहुतेक जण अलार्मचा डबाच बदलतात. पण दोष बऱ्याचदा डब्यात नसतो. तो असतो कच्च्या अर्थमध्ये, दाराच्या स्विचमध्ये किंवा टेप गुंडाळून केलेल्या जॉइंटमध्ये. नवा डबा त्याच जुन्या वायरींना जोडला तर दोष जागच्या जागी राहतो आणि पैसे मात्र जातात. म्हणून आधी तपासणी आणि मग खरेदी.

अलार्मला कोणकोणत्या वायरी असतात?

कंपनी कोणतीही असो, कामाच्या वायरी साधारण सारख्याच असतात.

१. बॅटरीचा कायमचा करंट. चावी बंद असली तरी इथे १२ व्होल्ट असतात. ही वायर बहुधा लाल असते आणि तिच्यावर फ्यूज असतो.
२. अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेली वायर. बहुधा काळी.
३. इग्निशनची वायर. चावी फिरवली की करंट येतो.
४. दारांच्या स्विचची वायर. दार उघडलं हे डब्याला या वायरीवरून कळतं.
५. इंडिकेटरच्या दोन वायरी, एक डावीकडची आणि एक उजवीकडची.
६. भोंग्याची वायर.
७. सेल्फ बंद करणाऱ्या रिलेची वायर.
८. धक्का ओळखणारा सेन्सर, लाल दिवा आणि रीसेटचं बटण यांचे छोटे कपलर.

वायरीचा रंग प्रत्येक कंपनीचा वेगळा असू शकतो. त्यामुळे नुसत्या रंगावर विसंबून जोडणी करू नये. डब्यासोबत आलेल्या कागदावरची आकृती पाहावी. कागद हरवला असेल तर प्रत्येक वायर मल्टीमीटरने ओळखावी.

हात लावण्याआधी

मोबाईलवर सगळ्या वायरींचे जवळून फोटो काढून ठेवावेत. कोणती वायर कुठे होती हे नंतर आठवत नाही. वायर सोडायची असेल तर आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढावं, आणि काम झाल्यावर ते सगळ्यात शेवटी लावावं. पिवळ्या आवरणातल्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांना टेस्ट लॅम्प लावू नये. नव्या गाड्यांमध्ये दारं आणि लाईट कॉम्प्युटरवर चालतात. तिथे बल्बचा टेस्ट लॅम्प न वापरता मल्टीमीटरच वापरावा.

पहिली पायरी : बॅटरी आणि रिमोट

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून बॅटरी मोजावी. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे जवळपास निम्मी. १२ च्या खाली गेली तर ती उतरलेली समजावी. इंजिन चालू असताना आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान यायला हवा. तो येत नसेल तर चार्जिंगची अडचण आहे आणि अलार्मला दोष देण्यात अर्थ नाही. कमजोर बॅटरीमुळेही काही अलार्म विचित्र वागतात.

रिमोट जवळून चालतो पण लांबून चालत नाही, तर आधी त्याचा सेल बदलावा. सेल नवा टाकूनही तसंच असेल, तर डब्यातून लोंबणारी बारीक अँटेनाची वायर पाहावी. ती तुटलेली असते, नाहीतर इतर वायरींच्या गुंडाळ्यात दाबली गेलेली असते.

दुसरी पायरी : फ्यूज आणि अर्थ

अलार्म पूर्ण मेलेला असेल, तर लाल वायरीवरचा फ्यूज पाहावा. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा टाकावा. तोही लगेच उडाला तर वायर कुठेतरी शॉर्ट आहे. तिथे मोठा फ्यूज, तांब्याची तार किंवा चंदेरी कागद घालून काम भागवणं म्हणजे आगीला आमंत्रण आहे. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो. तो उडाला नाही तर वायर तापते, वितळते आणि डॅशबोर्डमागे पेट घेते.

अर्थ तपासायची सोपी रीत आहे. भोंगा वाजत असताना मल्टीमीटरची एक पिन अलार्मच्या काळ्या वायरीला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावावी. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर अर्थ कच्चा आहे. बऱ्याचदा ही वायर डॅशबोर्डखाली रंगवलेल्या किंवा गंजलेल्या पत्र्यावर स्क्रूने दाबलेली असते. जागा घासून चकचकीत करावी, वायरीला चांगला लग लावावा आणि स्क्रू घट्ट आवळावा. अलार्मचे कितीतरी चमत्कारिक दोष एवढ्यावरच जातात.

तिसरी पायरी : भोंगा उगाच का वाजतो?

याची मुख्य कारणं तीन : धक्क्याचा सेन्सर, दाराचा स्विच आणि बॉनेटचा स्विच. तिन्ही एकदम तपासू नयेत, एकेक बाजूला काढावं.

पहिल्या रात्री धक्क्याच्या सेन्सरचा कपलर काढून अलार्म लावावा. भोंगा वाजला नाही तर दोष सेन्सरमध्ये. सेन्सर बहुधा डॅशबोर्डखाली सैल लोंबत असतो. तो घट्ट बसवावा आणि त्यावरचा छोटा स्क्रू फिरवून संवेदनशीलता कमी करावी. ट्रकच्या हादऱ्याने किंवा ढगाच्या गडगडाटाने तो वाजता कामा नये. काचेवर थाप मारली तर मात्र वाजायला हवा.

कपलर काढूनही भोंगा वाजला तर दारांकडे वळावं. बऱ्याच गाड्यांत दार उघडलं की स्विच त्या वायरीला अर्थ देतो. काही गाड्यांत उलट, म्हणजे प्लस करंट येतो. वायरीवर मीटर लावून एकेक दार उघड-बंद करावं. दार बंद असताना आकडा स्थिर राहायला हवा. एखादं दार नुसतं हलवल्यावर आकडा बदलत असेल तर दोष त्याच दाराच्या स्विचमध्ये आहे. धूळ, चिखल आणि गाडी धुतानाचं पाणी यांमुळे स्विच गंजतो. साफ करून पाहावा, नाहीतर बदलावा. दार बंद केल्यावर आतला दिवा काही सेकंद हळूहळू विझत असेल, तर तो विझल्यावरच अलार्म लावून पाहावा.

बॉनेटचा पिन स्विच तर थेट पाण्यात आणि चिखलात असतो. तो अडकला की डब्याला बॉनेट उघडं वाटतं.

चौथी पायरी : बॅटरी कशामुळे उतरते?

गाडी बंद असताना थोडा करंट जातोच. साधारण ०.०५ अँपिअरपर्यंत तो चालतो. तोच ०.३ अँपिअर झाला तर दिवसाला ७.२ अँपिअर-तास खर्च होतात. ३५ अँपिअर-तासाची भरलेली बॅटरी अडीच दिवसांत निम्मी रिकामी होते.

मोजण्यासाठी चावी काढावी, दारं बंद करावीत, बॅटरीचं निगेटिव्ह सोडावं आणि मल्टीमीटर १० अँपिअरवर ठेवून टर्मिनल व बॅटरी यांच्या मध्ये जोडावा. सगळं शांत व्हायला अर्धा तास द्यावा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नये, हेडलाईटही लावू नये, नाहीतर मीटरचा फ्यूज जातो.

आकडा जास्त दिसला तर अलार्मचा फ्यूज काढावा. आकडा एकदम खाली आला तर चोर अलार्मच्या लाइनवर आहे. फरक पडला नाही तर बाकीचे फ्यूज एकेक करून काढावेत. बाहेरून बसवलेला टेप आणि डिकीतला दिवा हेही नेहमीचे संशयित आहेत.

पाचवी पायरी : सेल्फ लागत नाही

हेडलाईट झगझगीत आहेत, पण चावी फिरवली की काहीच आवाज नाही. अशा वेळी अलार्मच्या रिलेवर संशय घ्यावा. चावी फिरवताना रिलेची ‘टिक’ ऐकू येते का ते पाहावं. रिलेचे पाय काळे पडलेले असतील किंवा वायरी नुसत्या पिळून टेप लावलेल्या असतील, तर तिथे करंट अडतो आणि जॉइंट तापतो. जॉइंट सोल्डर करून त्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी.

काही ठिकाणी हा रिले सेल्फऐवजी पेट्रोल पंपाच्या किंवा इग्निशनच्या वायरीवर बसवलेला असतो. हे धोक्याचं आहे. रिले बिघडला तर चालती गाडी बंद पडते. घाट उतरताना इंजिन बंद झालं की पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकला मिळणारी मदतही संपते. असा रिले असेल तर तो काढून फक्त सेल्फच्या वायरीवर घ्यायला सांगावं.

सेंट्रल लॉक आणि इंडिकेटर

एकाच दाराचं लॉक चालत नसेल तर दार आणि बॉडी यांच्यामधली रबरी नळी मागे सारून पाहावी. दार रोज उघड-बंद होऊन आतली वायर तुटलेली असते. वरून आवरण धड दिसतं, म्हणून हलकेच ओढून पाहावं. डावा इंडिकेटर लावला की उजवाही लागत असेल, तर अलार्मच्या इंडिकेटरच्या दोन्ही वायरी एकत्र जोडल्या गेल्या आहेत. त्या वेगळ्या कराव्यात.

मध्यरात्री भोंगा थांबतच नसेल तर

आधी रिमोट वापरावा. मग चावी ऑन करून रीसेटचं बटण दाबून पाहावं. तेही जमलं नाही तर अलार्मचा फ्यूज काढावा. भोंग्याला स्वतःची बॅटरी नसेल तर तो थांबतो. फ्यूज काढल्यावर बऱ्याच गाड्या चालू होतात. काही होत नाहीत, ते रिले कसा जोडलाय यावर अवलंबून असतं. म्हणून हा फ्यूज कुठे आहे आणि तो काढल्यावर गाडी चालू होते का, हे दिवसाउजेडी एकदा करून पाहिलेलं बरं. घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असावं.

नवा अलार्म बसवताना हे मागा

- लाल वायरीवरचा फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला.
- शक्यतो मूळ वायर न कापता कपलरला कपलर जोडणारा संच घ्यावा. वायर कापली तर वॉरंटीत अडचण येऊ शकते.
- भोंग्याचं तोंड खाली असावं, म्हणजे त्यात पाणी साचत नाही.
- वायरी इंजिनच्या तापणाऱ्या भागापासून लांब आणि जाळीदार नळीतून न्याव्यात. उसाच्या पट्ट्यात उंदीर बॉनेटमध्ये शिरतात, तिथे हे जास्तच गरजेचं.
- पक्कं बिल आणि जोडणीचा कागद घेऊन गाडीतच ठेवावा. विम्याच्या दाव्यात जोडणीची चौकशी झाली तर तो उपयोगी पडतो.

मल्टीमीटर काही शे रुपयांत मिळतो. व्होल्ट मोजणं, फ्यूज पाहणं, अर्थ घासणं आणि स्विच साफ करणं ही कामं घरी करता येतात. रिलेची आणि सेल्फच्या वायरीची जोडणी मात्र जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावी. जळका वास आला किंवा डॅशबोर्डखाली वायर गरम लागली तर लगेच बॅटरीचं निगेटिव्ह काढावं, आणि दोष सापडेपर्यंत गाडी चालवू नये.