घरात आलेली गॅसची नळी



वसंतातल्या या व्याख्यानांत शिवकाल, संतवाङ्मय आणि स्वातंत्र्यलढा यांवर बोलणारे पुष्कळ भेटतात. मला मात्र आज एका नळीवर बोलायचे आहे. विषय ऐकून काहींच्या चेहऱ्यावर हसू आले ते मी पाहिले. पण आपल्या धाडसारख्या घाटावरच्या गावात गेल्या साठसत्तर वर्षांत 'गॅस' या एका शब्दाचे किती अर्थ झाले ते आठवा. जुन्या माणसाला विचारले तर गॅस म्हणजे वरातीपुढे डोक्यावर धरलेली, सूं सूं आवाज करणारी बत्ती. तिच्यात गॅस भरलेला नसे. असे ते रॉकेल, हवा भरून दाबलेले आणि तापवून वाफ केलेले. पण शब्द आधी आला आणि वस्तू मागाहून. पुढे गॅस म्हणजे गोठ्यामागची शेणाची टाकी. आणि आज गॅस म्हणजे तांबडे सिलिंडर. या तिन्ही अर्थांत खऱ्या अर्थाने 'लाइन', म्हणजे एका ठिकाणी निपजणारा वायू दुसऱ्या ठिकाणच्या चुलीपर्यंत नेणारी कायमची वाट, फक्त मधल्या गॅसला होती. मुंबईच्या उपनगरांतल्या बिऱ्हाडांत भिंतीवरून पिवळी नळी चढली त्याच्या पुष्कळ आधी आपल्याकडच्या काही मळ्यांत गॅसची नळी पोचलेली होती.

प्रारंभ विलायतेत झाला. विल्यम मर्डॉक नावाच्या यंत्रज्ञाने 1792 साली कॉर्नवॉलमधील रेडरूथ येथे दगडी कोळसा तापवून निघालेल्या वायूवर आपले घर उजळले. 1812 साली लंडनमध्ये गॅस कंपनी निघाली आणि दुसऱ्याच वर्षाच्या अखेरीस वेस्टमिन्स्टर पुलावर तिचे दिवे लागले. अडचण दिव्याची नव्हती, नळीची होती. रस्त्याखाली बिडाच्या जाड नळ्या चालत. घरात न्यायला बारीक नळी हवी, ती कोण करणार? तेव्हा नेपोलियनशी चाललेले युद्ध संपून बंदुकांच्या नळ्या भंगारात निघाल्या होत्या. कारागिरांनी त्या एकमेकींस जोडून भिंतीवरून नेल्या. इंग्रज नळकाम्यांच्या बोलीत नळीला 'बॅरल' म्हणतात तो शब्द तिथलाच. 1825 मध्ये कॉर्नेलियस व्हाइटहाउसने लोखंडी पट्टी तापवून, ओढून तिची सलग नळी करण्याची युक्ती काढली, तेव्हा कुठे घराघरांत गॅस नेणे स्वस्त झाले.

आपल्या बाजूला हे नवल पहिल्यांदा केले ते सरकारने नव्हे, कंपनीनेही नव्हे. मुंबईच्या सुप्रसिद्ध वाडिया घराण्यातील अर्देसर कर्सेटजी या तरुण जहाजबांधणाऱ्याने 1834 साली माझगावच्या आपल्या बंगल्यात आणि बागेत गॅसचे दिवे लावले. गव्हर्नर लॉर्ड क्लेअर ते पाहायला गेले. विचार करा, त्या वेळी मुंबईच्या रस्त्यांवर तेलाचे सार्वजनिक दिवेदेखील नव्हते. जहाजाच्या बांधकामात ज्याचा हात सांधे बसवण्यात तयार झाला, त्यालाच हे साधले यात मला आश्चर्य वाटत नाही. पाणी आत येऊ न देणारा सांधा आणि वायू बाहेर जाऊ न देणारा सांधा ही एकाच विद्येची दोन रूपे. हेच अर्देसर 1841 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद झाले. तो मान मिळवणारे पहिले भारतीय तेच.

शहराला गॅस मिळायला आणखी एक पिढी जावी लागली. बॉम्बे गॅस कंपनी 1862 साली स्थापन झाली आणि 1865 च्या ऑक्टोबरात एस्प्लनेड, चर्चगेट स्ट्रीट आणि भेंडीबाजार येथे दिवे लागले. लालबागेत 'गॅस कंपनी लेन' हे नाव त्या काळाची आठवण म्हणून उरले. कारखान्यात कोळसा बंद भट्टीत भाजत. वायू निघे, डांबर निघे, मागे कोक उरे. वायू धुऊन एका प्रचंड लोखंडी घंटेखाली साठवत. घंटा पाण्यात उपडी तरंगे. वायू भरला की वर चढे, खर्चला की खाली बसे आणि तिच्याच वजनाने नळ्यांत दाब राही. हा दाब अगदी बेताचा असतो, म्हणून नळीच्या आत थोडेसे पाणी साचले तरी वाट अडते. ओला वायू थंड झाला की पाणी सुटणारच. त्यासाठी नळी सपाट न टाकता उतार देऊन टाकायची आणि सखल जागी पाणी गोळा होईल असे भांडे ठेवायचे, हा गॅसकामाचा पहिला धडा. तो आपण लक्षात ठेवू, कारण तो पुढे आपल्या गोठ्यात उपयोगी पडणार आहे.

कारण शेणाची टाकी म्हणजे त्या घंटेचीच धाकटी बहीण. 1897 साली माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून निघालेल्या वायूवर दिवे लावले गेले होते. पुढे जशभाई पटेल यांनी 1951 च्या सुमारास तरंगत्या पिंपाची टाकी सिद्ध केली, खादी ग्रामोद्योग आयोगाने ती उचलली आणि 1981-82 पासून केंद्राची राष्ट्रीय योजना आली. चारपाच जनावरांचे पन्नासएक किलो शेण रोज मिळाले तर दोन घनमीटर वायू निघतो आणि लहान कुटुंबाचा स्वयंपाक होतो. हिशेब सोपा आहे.

आमच्या मळ्यात अशी एक टाकी होती. पहिले वर्ष ज्योत निळी आणि स्थिर. दुसऱ्या पावसाळ्यात ती नाचू लागली. कधी फुटभर उडे, कधी भाकरी तव्यावर असताना विझे. आई म्हणे, "गॅसला नजर लागली." वडिलांना वाटले शेण कमी पडते, म्हणून त्यांनी आणखी दोन पाट्या शेण घालायला लावले. उपयोग शून्य. शेवटी मोटारपंप दुरुस्त करणारा एक मिस्त्री आला. त्याने टाकीकडे पाहिलेच नाही. गोठ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत नळीवर नजर फिरवत चालत गेला आणि मध्यावर, जिथे ती झोळीसारखी लोंबत होती, तिथे सांधा सोडला. तांब्याभर पाणी बाहेर पडले. संध्याकाळी त्याने नळी शंभर फुटांस एक फूट या बेताने उतार देऊन बांधली, खालच्या टोकाला पाणी काढायची तोटी बसवली, आणि ज्योत पुन्हा सरळ झाली.

या गोष्टीवर मी पुष्कळ विचार केला. गवंडी शिकवले गेले, खड्ड्यांची मोजदाद झाली, अनुदाने वाटली गेली; पण माझ्या पाहण्यातल्या कितीतरी टाक्यांची नळी मात्र ज्याला जशी जमली तशी टाकली गेली होती. टाक्या बंद पडण्याची कारणे अनेक: जनावरे कमी झाली, पाणी आटले, पिंप गंजले. तरी काही टाक्या केवळ तांब्याभर पाण्याने मेल्या, असे मला वाटते. त्यांची चूल पुन्हा लाकडावर गेली आणि धूर बाईच्या डोळ्यांत गेला.

सिलिंडरने ही कटकट संपवली आणि दुसरी आणली. त्यातला 14.2 किलो वायू हवेपेक्षा जड. गळला की जमिनीवर पाण्यासारखा पसरतो. म्हणून त्याची खिडकी, खरे म्हणजे झरोका, खाली हवा. हॉटेलवाले चार निळी सिलिंडरे एकत्र जोडून भट्टीपर्यंत लोखंडी नळी नेतात, तिथे तर हे अधिकच खरे. जमिनीखालून येणारा नैसर्गिक वायू उलट हवेहून हलका. त्याचा झरोका वर लागतो, आणि शेगडीच्या तोटीचे छिद्र मोठे लागते. एका वायूची शेगडी दुसऱ्याला तशीच जोडणारा माणूस कारागीर नव्हे.

आणि वास? कोळशाच्या गॅसला स्वतःची दुर्गंधी होती. नैसर्गिक वायूला वासच नाही. अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावी 18 मार्च 1937 रोजी शाळेच्या तळघरात असा वायू साचला, कुणाला कळला नाही, आणि स्फोटात सुमारे तीनशे जीव गेले, बहुतेक मुले. तेव्हापासून वायूत मुद्दाम वास मिसळण्याचे कायदे झाले. आपल्याला गॅसचा म्हणून जो उग्र वास येतो तो गॅसचा नाहीच. तो त्या मुलांच्या मागे आलेला आहे.

मुंबईत महानगर गॅस कंपनी 1995 साली स्थापन झाली आणि भिंतींवर नव्या नळ्या चढू लागल्या. आता आपल्या जिल्ह्यातून सिंदखेडराजा, मेहकर या बाजूने समृद्धी महामार्ग गेला आहे आणि त्या मार्गालगत मुंबई-नागपूर वायुवाहिनीचे काम हाती घेतले गेले. मोठी वाहिनी टाकणारे अभियंते असतात. त्यांची मला चिंता नाही. चिंता आहे ती शेवटच्या वीस फुटांची, जी ओट्यापाशी येते.

तो माणूस आला तर त्याचे काम बसून पाहा. नळी विजेच्या तारेपासून दूर नेतो का? भिंतीतून जाताना तिला बाहेरची मोठी नळी घालतो का? काम झाल्यावर दाब भरून, मापक लावून काही वेळ थांबतो का, की लगेच हात धुतो? काडी ओढून गळती शोधणारा भेटला तर त्याला दाराबाहेर काढा. जाणता माणूस वाटीत साबणाचे पाणी घेतो, प्रत्येक सांध्यावर ब्रश फिरवतो आणि बुडबुडा येतो का ते पाहत उकिडवा बसून राहतो.

आमच्या मळ्यातल्या त्या मिस्त्रीने अगदी हेच केले होते. आईने त्याला चहा विचारला, तर म्हणाला, "थांबा काकू, अजून दोन सांधे राहिलेत."