पाणी असून तहानलेलं झाड

१९८८ साली मी वडिलांना राळेगणसिद्धीचे बंधारे दाखवायला घेऊन गेलो. १९७५ मध्ये अण्णा हजारे गावी परतले आणि तिथं पाणी अडवण्याचं काम उभं राहिलं, ही हकिकत सर्वांना ठाऊक आहे. वडील एका विहिरीत बराच वेळ डोकावत राहिले. मग म्हणाले, "पाणी असलं म्हंजी भांडणं मिटत्यात." मी गप्प राहिलो. आमच्या घरातलं भांडण पाणी असतानाच झालं होतं.

आमचं गावही पारनेर तालुक्यातलंच. १९७८ च्या रब्बीत आमचा हरभरा ऐन फुलोऱ्यात माना टाकू लागला. चुलत्यांनी रात्री पाट फोडून पाणी वळवलं, असा वडिलांचा ग्रह झाला. दोघा भावांचं बोलणं तुटलं. खरं तर वावरात ओल होती. पुढं शेतकी शिकताना मी तसलं एक झाड उपटून खोड उभं चिरलं, तेव्हा आत काळपट रेघ दिसली. ही हरभऱ्याची मर. फ्युजेरियम ही मातीतली बुरशी मुळातून शिरते, पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत वाढते आणि त्या तुंबतात. पायाशी पाणी असून झाड तहानेनं मरतं.

तुरीला मर आणणाऱ्या अशाच बुरशीचं वर्णन ई. जे. बटलर यांनी १९१० मध्ये केलं. पण कोडं सुटलं नव्हतं. फ्युजेरियम तर जमिनीत सर्वत्र असते आणि तिचे कितीतरी प्रकार निरुपद्रवी असतात. मग एखादीच पिकावर का उठते? १९८२ मध्ये हैदराबादजवळच्या 'इक्रिसॅट'मधले एम. पी. हवारे आणि वाय. एल. नेने यांनी दाखवलं, की हरभऱ्याच्या या बुरशीचे भारतात चार वंश आहेत. एकाला दाद न देणारं वाण दुसऱ्यापुढं बळी पडू शकतं.

याचं उत्तर जनुकांत आहे. अमेरिकेत एच. एच. फ्लोर यांनी १९४० च्या दशकात जवसाच्या तांबेऱ्यावर काम करून सांगितलं होतं, की पिकाच्या एका जनुकाला रोगाचं एक जनुक जोडीदार असतं. २००४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधकांना टोमॅटोच्या नळ्यांत बुरशीनं सोडलेलं एक प्रथिन सापडलं. ते बुरशीला रोग पसरवायला मदत करतं. पण विशिष्ट जनुक असलेलं टोमॅटोचं झाड तेच प्रथिन ओळखून सावध होतं. घरफोडीचं हत्यारच चोराची ओळख पटवतं! २०१० मध्ये तर याहून नवल कळलं. रोगट फ्युजेरियमची दोन गुणसूत्रं निरुपद्रवी फ्युजेरियममध्ये गेली आणि तीही टोमॅटोला मर आणू लागली.

आपल्याच जिल्ह्यातल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं 'विजय', 'विशाल', 'दिग्विजय' अशी मरीला तोंड देणारी हरभऱ्याची वाणं दिली. त्यांचा मोठा आधार झाला. पण वाण बदललं तरी माती तीच राहते. हरभरा न पेरताही ही बुरशी जमिनीत सहा वर्षं तग धरते. नांगराच्या फाळाला चिकटून, वाहत्या पाण्याबरोबर ती शेजारच्या वावरात जाते. राळेगणनं कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळली ती साऱ्या गावानं मिळून. पिकांची फेरपालट, रोगट झाडं उपटून जाळणं, बीजप्रक्रिया हेही एकट्यानं करून भागत नाही.

१९८९ मध्ये चुलत्यांचाही हरभरा वाळला. मी त्यांच्या बांधावर वडिलांना नेलं आणि दोघांसमोर खोड चिरलं. चुलते रेघेकडे पाहत राहिले. वडील खाली बसले, मुठीत माती घेऊन त्यांनी ओल पाहिली आणि एवढंच म्हणाले, "पाणी होतं की रं."

अकरा वर्षांनी त्या दिवशी चुलते आमच्या घरी जेवले.