गप्प असताना किती खाते?

मंडळी, गाडीतल्या 'कॅन बस'चा विषय निघाला की सगळे प्रोटोकॉलबद्दलच बोलतात. बॉशने तो १९८६ मध्ये डेट्रॉइटला मांडला, वगैरे. पण वायरवर प्रत्यक्ष व्होल्टेज चढवणारी ट्रान्सीव्हर चिप कुणाच्या खिजगणतीत नसते!

फिलिप्सच्या ८२सी२५० मध्ये एकाच पिनवरून तीन गोष्टी जमायच्या: पूर्ण वेग, सिग्नलचा चढ-उतार सौम्य करणं आणि स्टँडबाय. पुढच्या टीजेए१०५० ने रेडिओला होणारा त्रास कमी केला, पण स्टँडबाय गेला. आता हिशेब करा. गाडीत समजा २० कंट्रोलर, प्रत्येकाची चिप ५ मिलिअँपिअर खाते. म्हणजे दिवसाला २.४ अँपिअर-तास. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन आठवड्यांच्या आत आडवी! म्हणून ही चिप किल्लीबरोबर बंद होणाऱ्या भागांपुरतीच बरी. गाडी उभी असतानाही ज्यांना हाकेला ओ द्यावी लागते, त्यांच्यासाठी टीजेए१०४० आली: स्टँडबायमध्ये १५ मायक्रोअँपिअरच्या आत, आणि बसवर हालचाल झाली की जागी.

गंमत म्हणजे तिघींचा कमाल वेग एकच, सेकंदाला १ मेगाबिट. तेव्हा निवड करताना चिप किती वेगात बोलते, यापेक्षा गप्प असताना किती खाते, हे आधी विचारावं.