जाते, भाकरी आणि मधुमेह : परभणी जिल्ह्याच्या दिनचर्येचा इतिहास

१/ परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. जनीबरोबर विठ्ठल जात्यावर दळायला बसतो, ही कथा महाराष्ट्राला मुखोद्गत आहे. भक्तीचा भाग बाजूला ठेवला तरी त्या कथेत दिनचर्येची एक नोंद उरतेच : भाकरीच्या आधी दळण, आणि दळण म्हणजे पहाटेच्या अंधारातील घाम. टाइप दोन मधुमेह टाळण्यासाठी आज डॉक्टर ज्या सवयी लावून घ्यायला सांगतात, त्यांपैकी कित्येक गोष्टी या भागात कधी ‘सवयी’ नव्हत्याच. त्यांना पर्याय नव्हता.

२/ आजार मात्र जुना आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत : एक जन्मजात, दुसरा अपथ्यातून उद्भवणारा. दुसऱ्या प्रकारचा रोगी स्थूल, खादाड आणि बसून-झोपून राहणारा, असे त्याचे वर्णन आहे. त्यावरचे उपायही मोठे रोखठोक आहेत. निर्धन रोग्याने छत्री-पादत्राणांशिवाय शंभर योजने चालावे, कोणी विहीर खणावी. गोदाकाठच्या शेतकऱ्याने हे दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या केले. औषध म्हणून नव्हे, पोटासाठी.

३/ गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या खोऱ्यांतील ही काळी जमीन ओल धरून ठेवते. त्या ओलीवर रब्बीची ज्वारी येई, आणि तिच्याभोवती सारे ताट मांडले जाई : भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, ठेचा, करडईचे तेल. गव्हाची पोळी सणाला, भात पाहुण्याला. साखर दुर्मीळ, गोड म्हणजे गूळ, तोही बेताने.

४/ या चित्राला सुवर्णयुग म्हणण्याचा मोह आवरावा. १९७२ च्या दुष्काळात हेच ताट रिकामे झाले. माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडू लागली आणि अमेरिकेतून आलेली ‘मिलो’ नावाची तांबडी ज्वारी लोकांनी नाक मुरडत, पण मुकाट्याने खाल्ली. त्याच वर्षी, १८ मे १९७२ रोजी, परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले.

५/ पुढील पन्नास वर्षांत सारे पालटले. विजेच्या गिरणीने जाते थांबवले. रेशनवर गहू-तांदूळ आला. जायकवाडीच्या डाव्या कालव्याबरोबर ऊस आला. खरिपातील ज्वारीची जागा कापसाने आणि नंतर सोयाबीनने घेतली. पाणंदीने पायी जाणारा शेतकरी मोटारसायकलवर बसला. दिवसाला चार-पाच कप गोड चहा हा पाहुणचाराचा भाग झाला. यातील एकही बदल मूर्खपणाचा नव्हता, हे ध्यानात घ्यावे. रेशनच्या धान्याने माणसे जगली. गिरणीने बाईच्या खांद्यावरचे ओझे उतरवले; ते पुन्हा तिच्यावर लादा, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

६/ मग शरीराने हा बदल निमूटपणे का स्वीकारला नाही? उत्तराचा एक धागा पुण्यात सापडतो. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. बाळांचे वजन सरासरी २.७ किलो, म्हणजे इंग्लंडमधील बाळांहून बरेच कमी. मात्र घट झाली होती ती मुख्यतः स्नायूंत. कातडीखालची चरबी तुलनेने टिकून होती. दिसायला किडकिडीत, आतून चरबीयुक्त.

७/ २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांचे छायाचित्र छापले. उंचीच्या प्रमाणातील वजनाचा, म्हणजे बीएमआयचा, आकडा दोघांचाही २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. ‘मी तर सडपातळ, मला कशाची साखर?’ या समजुतीला इतके थेट उत्तर क्वचितच मिळाले असेल.

८/ हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात दुष्काळ पडला होता. त्या वेळी गर्भात असलेल्या मुलांमध्ये प्रौढपणी साखर पचवण्याची क्षमता कमी आढळली. गर्भात उपासमार आणि पुढे मुबलकता, हा जोड घातक ठरतो. मराठवाड्यात बहात्तरच्या दुष्काळात जन्मलेली पिढी आज पन्नाशी ओलांडून गेली आहे.

९/ जोखीम जन्माआधीची असली तरी निकाल ठरलेला नसतो. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी साखर सीमारेषेवर असलेल्या ५३१ भारतीयांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटात तीन वर्षांत शंभरातील ५५ जणांना मधुमेह जडला. आहार आणि चालणे यांत बदल केलेल्या गटात ३९ जणांना. बदल तरी कोणते? रोज किमान अर्धा तास चालणे, साखर टाळणे, मैद्यासारखे पदार्थ व तेल-तूप कमी करणे, तंतुमय अन्न वाढवणे. जे आधीच अंगमेहनतीचे काम करत होते, त्यांना एवढेच सांगितले गेले : तुमचे चालू ठेवा.

१०/ परभणीच्या विद्यापीठाने ज्वारी सोडली नाही. ‘परभणी मोती’, ‘परभणी ज्योती’ आणि २०१८ मध्ये लोह व जस्त अधिक असलेली ‘परभणी शक्ती’ हे वाण येथलेच. तरीही ज्वारी हे औषध नव्हे. भाकरीतही पिष्ट असतेच. दिवसभर खुर्चीत बसून चार भाकऱ्या खाणाऱ्याला आजोबांच्या आहाराचा दाखला देता येणार नाही. आजोबा त्या भाकऱ्या औतामागे चालून जिरवत.

११/ आता तीस वर्षांवरील व्यक्तींच्या तपासणीसाठी आशाताई गावात घरोघरी एक अर्ज घेऊन जातात. कमरेचा घेर त्या टेपने मोजतात; पुरुषांसाठी ९० सेंमी आणि स्त्रियांसाठी ८० सेंमी ही धोक्याची रेषा. पुढचा एक प्रश्न असा, की आठवड्यात किमान १५० मिनिटे शारीरिक श्रम होतात का. जात्यावर बसणाऱ्या पिढीला हा प्रश्न कोणी विचारला असता, तर तिला तो समजलाच नसता.